जक्कय, गर्दी आणि वसईचे आजोबा

आजचे वाचन : लूक १९:१-१०

जक्कयाची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलोय. ठेंगणा माणूस, उंबराचं झाड आणि झाडाखाली थांबलेला प्रभू. या वेळी वाचताना मात्र मी तिसऱ्या वचनावरच अडकलो. जक्कयाला येशू दिसत नव्हता, तो गर्दीमुळे. ही गर्दी काही येशूच्या विरोधकांची नव्हती. ती त्याच्यासाठीच जमली होती, त्याच्या मागून चालत होती, आणि तिच्याच पाठी जक्कयाच्या आड आल्या. पुढे सातव्या वचनात सगळे कुरकुर करतात, की हा पापी माणसाच्या घरी उतरायला गेला.

मला आमचं घर आठवलं. माझ्या बहिणीचं लग्न वसईच्या एका कॅथलिक कुटुंबात ठरतंय. आम्ही तीन पिढ्यांचे प्रॉटेस्टंट. पप्पांचं एकच म्हणणं, "ते लोक मूर्तीपुढे मेणबत्त्या लावतात, पोपला देव मानतात. आपलं कसं जमणार?" मीही लहानपणापासून हेच ऐकलं आणि खरं सांगायचं तर कधी तपासून बघितलं नाही.

गेल्या महिन्यात मी एकटाच त्यांच्याकडे जाऊन आलो. जेवणानंतर मुलाच्या आजोबांनी १९६४ ची गोष्ट काढली. त्या वर्षी मुंबईत ३८ वी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली होती आणि तिच्यासाठी २ डिसेंबरला पोप सहावे पॉल आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे. वडिलांचं बोट धरून लोकलने चर्चगेटला गेले, तिथून ओव्हल मैदानावर.

"पोप काय नीट दिसले नाहीत रे," आजोबा म्हणाले. "वडिलांनी खांद्यावर घेतलं तेव्हा लांबून पांढरं काहीतरी सरकताना दिसलं. पण शेजारी एक पारशी बाई होती, तिने मला स्वतःच्या तांब्यातलं पाणी पाजलं. ते अजून आठवतं."

खांद्यावर चढलेला आठ वर्षांचा मुलगा! मला हसू आलं, आणि लगेच उंबराचं झाड डोळ्यांपुढे आलं.

घरी येऊन मी त्या भेटीबद्दल वाचत बसलो. पोप मुंबईत इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले आणि त्यांच्यापुढे बोलताना बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना त्यांनी म्हटली. शस्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग गरिबांसाठी जागतिक निधीत द्या, असं आवाहन त्यांनी राष्ट्रांना इथूनच केलं. जाताना अमेरिकेतून भेट मिळालेली आपली मोटार त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरने ती सोडतीत काढली आणि आलेले पैसे कुष्ठरोग्यांच्या कामाला लावले. जक्कयाने अर्धी मालमत्ता वाटली ती प्रभू घरी आल्यावर. इथे पाहुणाच देऊन गेला.

पण मला थांबवलं ते वेगळ्याच एका तारखेने. मुंबईत उतरण्याच्या अकरा दिवस आधी, २१ नोव्हेंबरला, याच पोपने व्हॅटिकन परिषदेच्या एका आदेशावर सही केली होती. ख्रिस्ती ऐक्याबद्दलचा तो आदेश आहे. त्यात आपल्यासारख्यांना 'वेगळे झालेले बंधू' म्हटलंय, फुटीचा दोष दोन्ही बाजूंच्या माणसांकडे जातो हे कबूल केलंय, आणि आपली क्षमाही मागितली आहे. एवढी वर्षं झाली, आमच्या घरापर्यंत ती क्षमायाचना पोचलीच नव्हती.

तपासल्यावर आणखी कळलं. कॅथलिक शिकवणीप्रमाणे आराधना फक्त देवाची. मरियेला आणि संतांना मान. पोप स्वतःसुद्धा दुसऱ्या धर्मगुरूपुढे पापकबुली देतात. आणि बहिणीचा बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालाय, तो त्यांना मान्य आहे, पुन्हा घ्यावा लागणार नाही.

म्हणून माझे सगळे प्रश्न सुटले असं नाही. पोपच्या अचुकतेची शिकवण मला आजही पटत नाही. आणि त्या रविवारी मिस्साला मी त्यांच्यासोबत बसलो होतो, तेव्हा कम्युनियनसाठी आमचा अख्खा बाक रिकामा झाला, मी एकटा बसून राहिलो. ते टोचलं. आजोबा परत आले आणि काही न बोलता माझ्या हातावर हात ठेवून बसले.

प्रभू जक्कयाला म्हणाला की आज मला तुझ्याच घरी उतरायचं आहे. आधी घर तपासलं नाही, आधी हिशेब मागितला नाही. हिशेब जक्कयाने आपणहून दिला, तो नंतर.

काल रात्री हे सगळं पप्पांना सांगितलं. ते गप्प होते. झोपायला जाताना दारात थांबून एवढंच विचारलं, "वसईला जायचं तर फास्ट लोकल किती वाजता असते?"

प्रार्थना : प्रभू येशू, येत्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी जातोय. तूही चल. पप्पांच्या मनातली भीती तुला ठाऊक आहे, आणि माझ्या मनातली कुरकुरसुद्धा. आमेन.