नवोदितांमध्ये श्रेष्ठ कोण?
(महाविद्यालयीन व्हॉलीबॉलमधील एका वादाचा विचार)

क्रीडास्पर्धा संपली म्हणजे दोन प्रकारचे वाद मागे उरतात. पहिला हारजितीचा. तो गुणफलकावर मिटलेला असतो, आपण तो उगाच लांबवतो इतकेच. दुसरा श्रेष्ठकनिष्ठतेचा, आणि त्याला गुणफलकाचा आधार नसल्यामुळे तो वर्षानुवर्षे चालू राहतो. त्यातही 'यंदाच्या नवोदितांमध्ये सर्वांत चांगला कोण?' हा प्रश्न विशेष अवघड आहे. अनुभवी खेळाडूच्या पाठीशी तीन-चार वर्षांचा खेळ असतो. नवोदिताच्या पाठीशी असतो एकच हंगाम. एवढ्या अपुऱ्या पुराव्यावर निवाडा कसा द्यावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे घेतली आहेत ती अमेरिकेतील पुरुषांच्या महाविद्यालयीन व्हॉलीबॉलची; कारण तेथे हा निवाडा दरवर्षी राष्ट्रीय पातळीवर, नोंदी ठेवून केला जातो.

१. पार्श्वभूमी

व्हॉलीबॉलचा जन्मच अमेरिकेतला. विल्यम मॉर्गन ह्या शारीरिक शिक्षकाने 1895 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक येथे हा खेळ सुरू केला. तथापि महाविद्यालयीन पुरुषांची अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा सुरू होण्यास 1970 साल उजाडावे लागले. पहिले विजेतेपद कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने, म्हणजे यूसीएलएने मिळवले. फुटबॉल-बास्केटबॉलच्या मानाने तेथेही हा खेळ धाकटाच राहिला. एका संघाने सर्व खेळाडूंत मिळून साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच मदत वाटावी, अशी मर्यादा अनेक वर्षे, 2025 पर्यंत होती. मैदानावर एका वेळी सहा खेळाडू उतरतात हे लक्षात घेतले, म्हणजे ही मदत किती तुटपुंजी होती ते कळते.

हंगाम साधारणतः जानेवारीत सुरू होऊन मे महिन्यात संपतो. अखेरीस तेथील व्हॉलीबॉल प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना वर्षातील सर्वोत्तम खेळाडूबरोबरच वर्षातील सर्वोत्तम नवोदिताचीही निवड जाहीर करते. 2016 मध्ये हा मान लाँग बीच स्टेटच्या टी. जे. डीफाल्को ह्याला मिळाला. 2022 मध्ये त्याच विद्यापीठाच्या ॲलेक्स निकोलोव्ह ह्या बल्गेरियन खेळाडूने नवोदिताचा मान तर मिळवलाच, शिवाय वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही त्याचीच निवड झाली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा दुसरा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. अशा वर्षी वादाला जागा राहत नाही. परंतु असे वर्ष क्वचितच येते.

२. आकडे काय सांगतात?

वाद सुरू झाला की प्रथम आकडे पुढे येतात. सामना तीन सेटमध्येही संपतो आणि पाच सेटपर्यंतही लांबतो; म्हणून दर सेटमागे किती यशस्वी स्मॅश, किती ब्लॉक, किती बिनतोड सर्व्हिस असा हिशेब मांडतात. ह्याखेरीज स्मॅशची परिणामकारकता काढतात. यशस्वी स्मॅशमधून चुका वजा करावयाच्या आणि बाकीला एकूण प्रयत्नांनी भागावयाचे, एवढेच त्याचे गणित.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कडेच्या स्मॅशरने 40 वेळा स्मॅश केला, 18 वेळा गुण मिळवला आणि 6 वेळा चुकला. त्याची परिणामकारकता 0.300 होते. त्याच संघातील मधल्या ब्लॉकरने केवळ 15 प्रयत्नांत 9 गुण मिळवले आणि एकच चूक केली. त्याची परिणामकारकता 0.533 भरते. मग मधला खेळाडू श्रेष्ठ म्हणावा काय?

तसे म्हणता येत नाही. मधल्या खेळाडूकडे चेंडू जातो तो पास उत्तम आला असेल तेव्हाच. पास बिघडला, चेंडू जाळीपासून दूर गेला, की सेटर तो उंच उचलून कडेला देतो. समोर दोन, कधी तीन ब्लॉकर हात उंचावून उभे असतात. तेथे स्मॅशरने गुण मिळवला तर उत्तमच, पण चेंडू नुसता खेळात ठेवला तरी त्याने संघाची लाज राखलेली असते. हे दोन आकडे एकाच सूत्राने काढलेले असले, तरी त्यांच्यामागचे काम एक नाही. तेव्हा आकड्यांची तुलना करावयाची ती एकाच जागेवर खेळणाऱ्यांमध्ये करावी, हा पहिला नियम.

३. आकडे काय सांगत नाहीत?

व्हॉलीबॉलमध्ये चेंडूला सामान्यतः तीन स्पर्श होतात आणि टाळ्या तिसऱ्या स्पर्शाला मिळतात. दुसऱ्या स्पर्शाला, म्हणजे सेटरला (आपल्या मैदानावरच्या भाषेत लिफ्टरला) निदान एक रकाना मिळाला आहे: त्याने दिलेल्या चेंडूवर गुण झाला की त्याच्या नावावर एक साहाय्य मांडले जाते. पण ते साहाय्य स्मॅशर किती चांगला आहे ह्यावर अवलंबून असते. दुबळ्या संघातील चांगला सेटर कागदावर दुबळाच दिसतो.

पहिल्या स्पर्शाची स्थिती तर याहून वाईट. सर्व्हिस घेताना पास चुकला तर त्याची अधिकृत नोंद होते. पास किती सुंदर झाला ह्याची होत नाही. म्हणून प्रशिक्षक आपापल्या वहीत प्रत्येक पासला 0 ते 3 असे गुण देतात. ती वही ज्याने पाहिली नाही, त्याला त्या खेळाडूचे खरे मोल कळत नाही. लिबेरोची तर आणखीच पंचाईत: नियमानेच त्याला ब्लॉक करता येत नाही आणि जाळीच्या वरून चेंडू मारता येत नाही. गुण मिळवण्याची वाटच ज्याला बंद, तो गुणांच्या तक्त्यात वर कसा येणार?

हा केवळ तर्क नाही. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाने सुवर्णपदक जिंकले. प्रशिक्षक डग बील ह्यांनी त्या संघात समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक सर्व्हिस घेण्याचे काम दोघांवरच सोपवले होते. त्यांपैकी कार्च किराली हे नाव जगभर झाले. दुसरा आल्डिस बर्झिन्स हा ओहायो स्टेट विद्यापीठाचा माजी खेळाडू. त्याचे नाव आज जाणकारांखेरीज फारसे कोणी घेत नाही. सुवर्णपदकाचा पाया मात्र दोघांच्याही हातांवर उभा होता.

आता पुन्हा 2016 कडे वळू. त्या वर्षी लाँग बीच स्टेटमध्ये डीफाल्को एकटा आला नव्हता. त्याच तुकडीत जॉश तुआनिगा हा सेटर आणि काइल एन्सिंग हा स्मॅशर होता. नवोदिताचा मान डीफाल्कोला मिळाला, आणि तो अन्यायाने मिळाला असे म्हणण्यास कसलाच आधार नाही. तो स्मॅश मारीत होता तसाच सर्व्हिसही घेत होता, आणि पुढे 2017 व 2019 मध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाडूही ठरला. परंतु मधल्या 2018 मध्ये हा मान तुआनिगाला मिळाला. त्याच वर्षी संघाने यूसीएलएला पाच सेटमध्ये हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि 2019 मध्ये ते राखले. मला वाटते, स्मॅशरचा गुण पहिल्याच दिवशी दिसतो. सेटरचा गुण दिसण्यासाठी त्याचे स्मॅशर त्याच्याबरोबर रुळावे लागतात. एका हंगामाची मोजपट्टी सेटरला आखूड पडते.

अपवाद आहेत. ॲलेक्सचा धाकटा भाऊ सिमेऑन निकोलोव्ह हा सेटर. 2025 मध्ये पहिल्याच वर्षी त्याच्या हाताखाली लाँग बीच स्टेटने अंतिम सामन्यात यूसीएलएवर सरळ तीन सेटमध्ये विजय मिळवला. परंतु त्याची सर्व्हिस अत्यंत जोरदार होती, आणि सर्व्हिस ही तर तक्त्यात चढणारी गोष्ट आहे. म्हणजे अपवादानेही नियमच दाखवून दिला.

४. नवा म्हणजे किती नवा?

ह्या पुरस्काराच्या नावात 'प्रथम वर्षाचा विद्यार्थी' असा शब्द नाही. 'नव्याने आलेला' असा आहे. वादाचे एक बीज तेथेच आहे. कोणी अठराव्या वर्षी शाळेतून थेट येतो. कोणी वर्षभर केवळ सराव करतो, सामने खेळत नाही, आणि आपली खेळण्याची वर्षे राखून पुढल्या हंगामात उतरतो. कोणी परदेशातील क्लबमध्ये तयार होऊन येतो. सिमेऑन निकोलोव्हने तर महाविद्यालयात पाऊल टाकण्यापूर्वीच बल्गेरियाच्या राष्ट्रीय संघाचा पोशाख अंगावर चढवला होता. त्याचे वडील व्लादिमिर हेही देशाचे नामांकित खेळाडू. अशांची आणि गावच्या शाळेतून आलेल्या मुलाची एकाच रांगेत तुलना करणे न्याय्य आहे काय, असा आक्षेप घेतला जातो.

आक्षेप समजण्यासारखा आहे, पण मला तो मान्य नाही. कोणाच्या घरी किती खेळ होता, कोणाला कोणता गुरू लाभला, हे मोजू लागलो तर त्याला अंतच राहणार नाही. परीक्षेत आपण विद्यार्थ्याच्या वडिलांचे शिक्षण वजा करून गुण देत नाही. महाविद्यालयीन खेळात जो प्रथम उतरला तो नवोदित, अशी सरळ व्याख्या करावी, ती हंगामाच्या आरंभीच जाहीर करावी आणि मग तिला चिकटून राहावे. नाव निघाल्यावर व्याख्या बदलणे हा मात्र अन्याय होय.

५. कर्तृत्व की भविष्य?

'हा पुढे मोठा होईल' हा युक्तिवाद अशा वादात हमखास येतो. किराली 1979 मध्ये यूसीएलएत प्रथम वर्षाला होता. त्या वर्षी संघ एकही सामना न हरता विजेता झाला. पुढे किरालीने ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके मिळवली: 1984 व 1988 मध्ये मैदानी खेळात आणि 1996 मध्ये वाळूवरच्या खेळात. पण त्या 1979 च्या संघात सिंजिन स्मिथसारखे मुरलेले खेळाडूही होते. किरालीचे पहिले वर्ष मोजताना त्याची नंतरची पदके त्यात मिसळणे योग्य नव्हे. मागे वळून पाहताना भविष्य स्पष्ट दिसते. निवड करणाऱ्यांना ते दिसत नसते. शिवाय महाविद्यालयाच्या दृष्टीने भविष्याचा भरवसा नसतो. ॲलेक्स निकोलोव्ह एका हंगामानंतर इटलीतील व्यावसायिक क्लबकडे गेला. पुरस्कार द्यावयाचा तो झालेल्या कामाला द्यावा; आशेला शुभेच्छा पुरेत.

६. निष्कर्ष

तात्पर्य, 'श्रेष्ठ नवोदित कोण?' हा एक प्रश्न नसून तीन प्रश्नांची गुंतवळ आहे: नवा कोणाला म्हणावे, त्याने काय केले, आणि तो काय करील. वाद घालणारे दोघे बहुधा निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात, म्हणून वाद संपत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमाने आधीच ठरवावे. तिसरा बाजूला ठेवावा. सर्व विचार दुसऱ्यावर करावा. आणि तो करताना तक्त्याबरोबर प्रशिक्षकाची वहीही उघडावी, प्रत्येकाची तुलना प्रथम त्याच्याच जागेवरील खेळाडूंशी करावी आणि मग निरनिराळ्या जागांवरील अग्रेसरांमधून एकाची निवड करावी.

हा खटाटोप एका पारितोषिकासाठी कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न पारितोषिकाचा नाहीच. पहिल्या वर्षाचा मुलगा मैदानावर येतो तेव्हा कोणत्या कामाची येथे कदर होते, हे तो मोठ्यांच्या निवडीवरून शिकत असतो. केवळ स्मॅशच गौरवला जातो असे दिसले, तर सर्वजण जाळीशी उड्या मारावयास शिकतील आणि सर्व्हिस घेण्यास मागे कोणी उभा राहणार नाही. आपल्याही महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाच्या वेळी उत्कृष्ट खेळाडूची नावे पुकारली जातात. ती ठरवताना पहिला चेंडू कोणी उचलला होता, एवढे विचारले गेले तरी पुष्कळ झाले.