धन आले कोठून?

शास्त्रभाग : नीतिसूत्रे ११:२६, याकोब ५:१-६, लूक १९:१-१०

१६६४ सालच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, हे आपण सर्व शाळेत शिकलो आहोत. परंतु ते धन सुरतेत जमले कसे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आम्ही सुरतेत राहणाऱ्यांनी तरी तो विचारला पाहिजे.

१. धन कसे मिळवले?

त्या काळी वीरजी व्होरा हा सुरतेचा सर्वांत मोठा सावकार होता. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा त्याच्याकडून कर्ज घेई. १६२५ साली त्याने डचांकडील मिरी विकत घेऊन सुरतेचा मिऱ्याचा बाजार मुठीत धरला. तो मागेल तो भाव देण्यास इंग्रज तयार होईनात. त्यांनी मिरी घेण्यासाठी दख्खनेत आपला माणूस धाडला. तेव्हा वीरजीच्या गुमास्त्यांनी तेथे चढा भाव देऊन त्याचाही मार्ग अडवला. त्याच्या मर्जीविरुद्ध व्यवहार करण्यास इतर व्यापारी धजत नसत. १६३८ च्या सुमारास सुरतेच्या मुघल अधिकाऱ्याने त्याला कैदेत टाकले, तर खुद्द शाहजहान बादशहाने त्याची सुटका केली. धनाबरोबर दाबही वाढतो, तो असा.

लोकांच्या गरजेची वस्तू अडवून ठेवणाऱ्याला लोकांचा शाप लागतो, असे नीतिसूत्रकार सांगतो.

२. धन कसे खर्चले?

लुटीत वीरजीचा वाडा धुऊन निघाला. मात्र डचांच्या एका मृत दलालाचे घर महाराजांनी सोडून दिले, कारण तो हयातीत मोठा दानशूर होता, असे फ्रेंच प्रवासी बर्नियेने लिहून ठेवले आहे. लुटीला आम्ही देवाचा न्याय म्हणत नाही. त्या आगीत अनेकांची घरे जळाली. परंतु माणसाच्या मागे त्याच्या तिजोरीचे नव्हे, तर दानाचे नाव राहिले, हे लक्षात घ्यावे.

३. दानाने सर्व धुतले जाते काय?

येथे आपल्या घरचीच एक गोष्ट पाहू या. अमेरिकेत रॉकफेलर याने १८७० साली स्टँडर्ड ऑइल कंपनी काढली. रेल्वेकडून गुप्त सवलती घेऊन त्याने प्रतिस्पर्ध्यांना जेरीस आणले आणि तेलशुद्धीचा बहुतेक धंदा आपल्या हाती घेतला. हा गृहस्थ बाप्टिस्ट मंडळीचा सभासद, रविवारच्या शाळेचा शिक्षक आणि नियमित दान देणारा होता! १९०५ साली त्याने अमेरिकन बोर्डाला एक लक्ष डॉलर दिले. आपल्या अमेरिकन मराठी मिशनची मातृसंस्था ती हीच. पाळक वॉशिंग्टन ग्लॅडन यांनी जाहीर विरोध केला : अन्यायाने मिळवलेला पैसा मंडळीने घेतला, तर त्या अन्यायाविरुद्ध तिला बोलता येईल काय? पुढे उघड झाले की बोर्डानेच ते दान मागितले होते. पैसा परत गेला नाही. कंपनी मात्र १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मोडली.

४. जक्कयाचा मार्ग

जक्कयाने अर्धे धन गरिबांना देऊ केले, एवढ्यावर तो थांबला नाही. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्याचे त्याने कबूल केले. गरिबांना दिले ते दान. फसवलेल्यांना परत केले तो न्याय. दान हे न्यायाची जागा घेऊ शकत नाही. मजुराची अडवलेली मजुरी ओरडत आहे, असे याकोब लिहितो. कारागिराची मजुरी कापून मंदिराच्या इमारत फंडाला देणगी देणाऱ्याचे नाव आपण संगमरवरी पाटीवर कोरले, तर ती ओरड आपल्या भजनात बुडेल. देवाच्या कानी मात्र ती पोहोचलेली असेल.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या हाताखालच्या माणसाची मजुरी आपण वेळेवर व पुरी देतो काय?
२. मोठ्या देणगीदाराची चूक दाखवण्याचे धैर्य आपल्या पंचमंडळात आहे काय?
३. जक्कयाप्रमाणे आपल्याला कोणाचे काय परत करावयाचे आहे?