एकांतसेवन आणि देवगिरीचा गुरुवार

सोयगाव तालुक्यात येणारा यात्रेकरू सिल्लोडकडून निघाला असेल तर त्याला अजिंठ्याच्या डोंगररांगेचा घाट उतरावा लागतो. एक वाट अजिंठा गावावरून फर्दापूरला उतरते, दुसरी हळद्याच्या घाटातून वेताळवाडीचा किल्ला उजवी-डावी करीत सोयगावला येते. वर मराठवाड्याचे पठार आणि खाली खानदेशाची सखल काळी जमीन, यांच्या मधोमध हा डोंगर उभा आहे. डोंगराच्या कुशीत दऱ्या, दऱ्यांत ओढे आणि ओढ्यांच्या काठी कातळ अशी येथील रचना आहे. संसारापासून काही काळ दूर होऊ इच्छिणाऱ्यांना अशी भूमी प्राचीन काळापासून आवडत आली आहे.

सोयगावजवळ, वेताळवाडी-गलवाड्याच्या परिसरातील डोंगरात रुद्रेश्वराचे लेणे आहे. कातळात खोदलेल्या या स्थानी महादेवाची पिंड आहे, श्रीगणेश आहेत आणि पावसाळ्यात लेण्याच्या मुखावरून पाण्याचा पडदा कोसळत असतो. आत बसलेल्या माणसाला बाहेरचा एकही शब्द ऐकू येत नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे गीतेवर भाष्य केले. त्याच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला योग्य अशा जागेचे फार रमणीय वर्णन आहे. ती जागा अशी असावी की सहज आलेला वाटसरूही तेथून उठू नये, नास्तिकालाही तपाची इच्छा व्हावी. जवळ निर्मळ पाणी असावे, पाखरांचा वावर असावा, पण माणसांची वर्दळ नसावी. शेवटी माउली म्हणतात की तेथे एखादा गुप्त मठ किंवा शिवालय असावे. रुद्रेश्वराच्या ओट्यावर बसून हा भाग वाचावा, असे प्रस्तुत लेखकाला नेहमी वाटते.

याच तालुक्यात वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर अजिंठ्याची तीस लेणी आहेत. ही बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांत पहिली लेणी कोरली गेली आणि पुढे पाचव्या शतकात वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळात दुसरे पर्व घडले. चित्रांसाठी जगभरातून लोक येतात व १९८३ पासून ती जागतिक वारशात गणली जातात. परंतु चित्रे पाहून झाल्यावर बाराव्या लेण्यात थोडे थांबावे. तेथे रंग नाहीत. चौकोनी दालनाच्या तीन बाजूंना बारा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत दगडाचे दोन ओटे आहेत. भिक्षूची शय्या ती हीच. वर्षभर गावोगाव फिरणारे भिक्षू पावसाचे तीन महिने एका ठिकाणी राहत, अध्ययन व ध्यान करीत आणि पाऊस सरला की पुन्हा वाटेला लागत. त्यांच्या या वर्षावासाला आरंभ होता तसा शेवटही होता. आपल्याकडील चातुर्मासाच्या नेमातही हीच दृष्टी दिसते.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. दगडी ओट्यावर बसून चिंतन करणाऱ्याने तो ओटा स्वतः कोरलेला नव्हता. सोळाव्या क्रमांकाचे लेणे हरिषेणाचा सचिव वराहदेव याने करविले, हे तेथील शिलालेखावरून कळते. त्याहून जुन्या लेण्यांतही दात्यांची नावे कोरलेली आहेत. भिक्षूच्या पात्रात पडणारी भाकर आसपासच्या गावांतून येत असे. एक माणूस एकांतात बसतो तेव्हा त्याच्यामागे कोणीतरी उभे असते, ही गोष्ट पुढच्या चरित्रातही आपल्याला भेटणार आहे.

देवगिरीचा गुरुवार

डोंगरात जाऊन बसणे प्रत्येकाला साधत नाही. शेत, नोकरी, दुकान, आजारी आईवडील, शिकणारी मुले हे सोडून कोठे जाणार? असा प्रश्न यात्रेकरू विचारतात आणि तो योग्यच आहे. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील एका किल्लेदाराच्या दिनक्रमात सापडते.

जनार्दनस्वामींचा जन्म परंपरेनुसार शके १४२६ मध्ये, म्हणजे इ. स. १५०४ मध्ये, चाळीसगावी झाला. सोयगावपासून पश्चिमेला, याच डोंगररांगेच्या पायथ्याच्या मुलखात ते गाव आहे. पुढे ते निजामशाहीच्या सेवेत देवगिरीचे किल्लेदार झाले. देवगिरी म्हणजे दख्खनमधील अत्यंत महत्त्वाचा गड. त्याच्या किल्लेदाराला शत्रू, फौज, वसुली, हिशेब, तंटे यांतून श्वास घ्यायला उसंत नसणार हे उघड आहे. तरीही हा दत्तभक्त पुरुष दर गुरुवारी सर्व कारभार बाजूला ठेवून ध्यानाला बसत असे आणि त्या दिवशी गडावरील कचेरी बंद राहत असे, असे संतचरित्रे सांगतात. आठवड्याचे सहा दिवस राजाचे, एक दिवस देवाचा, अशी ही वाटणी होती. स्वामींनी चाकरी सोडली नाही, तसेच चाकरीच्या नावाखाली गुरुवारही सोडला नाही. प्रस्तुत लेखकाला यांतील दुसरी गोष्ट अधिक अवघड वाटते.

या किल्लेदाराकडे पैठणहून एक पोरका मुलगा आला. संत भानुदासांचा तो पणतू. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे आजोबा चक्रपाणी यांनी त्याला वाढविले होते. हाच पुढे संत एकनाथ महाराज म्हणून प्रसिद्ध झाला. गुरूने त्याला प्रथम मंत्र दिला नाही, डोंगरही दाखविला नाही. हिशेबाच्या वह्या दिल्या. एकदा ताळेबंदात एका पैची चूक येऊ लागली. नाथ दिवा लावून रात्रभर आकडे तपासत बसले आणि उत्तररात्री चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले. स्वामी दारात उभे होते. एका पैची चूक सापडल्याने एवढा आनंद होतो, तर संसाराची सारी चूकच सापडली तर किती होईल, अशा आशयाचे ते बोलले. ही कथा आपण कीर्तनांत पुष्कळदा ऐकली आहे. ती ऐकून हिशेब क्षुद्र आणि ध्यान थोर असा अर्थ बहुतेक जण घेतात, पण तो अपुरा आहे. ज्या एकाग्रतेने पै शोधली तीच पुढे देव शोधण्यास उपयोगी पडणार, हे गुरूने त्या रात्री ओळखले. ज्याचे चित्त वहीत लागत नाही, ते गुहेत तरी कसे लागावे?

दुसरी कथा एका गुरुवारची आहे. स्वामी समाधीत असताना गडावर शत्रू चालून आल्याची वर्दी आली. त्यांना उठविणे नाथांना योग्य वाटले नाही. त्यांनी स्वामींचेच चिलखत अंगावर चढविले, शस्त्रे घेतली, घोड्यावर बसून फौजेच्या पुढे झाले आणि शत्रूला परतवून शस्त्रे होती तेथे ठेवून दिली. स्वामींना हे मागाहून कळले. येथेही अजिंठ्याचीच गोष्ट पुन्हा दिसते. एकाचा एकांत दुसऱ्याच्या जागरणावर उभा असतो.

शिष्य तयार झाल्यावर मात्र स्वामींनी त्याला खरोखरच एकांतात पाठविले. खुलताबादजवळील शूलिभंजन पर्वतावर नाथांनी अनुष्ठान केले. आजही तेथे दत्तमंदिर व सूर्यकुंड आहे. ध्यानस्थ नाथांवर नागाने फणा धरल्याची कथा तेथे सांगितली जाते. त्यानंतर गुरूने त्यांना तीर्थयात्रा करण्यास सांगितले आणि मग पैठणला परतून विवाह करण्याची आज्ञा दिली. शूलिभंजनाची वाट शेवटी गिरिजाबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत आणि रोजच्या अन्नदानाच्या पंगतीपर्यंत गेली, हे विसरता कामा नये.

नाथांनी वाराणसीत शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका पूर्ण केली. त्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत एक कुमारी आहे. घरची माणसे बाहेर गेली असताना पाहुणे तिला पाहावयास आले. त्यांच्या भोजनासाठी ती एकटीच साळी कांडू लागली, तेव्हा हातातील कांकणे वाजू लागली. घरचे दारिद्र्य उघडे पडेल या लाजेने तिने ती एकेक करून कमी केली. दोन उरली तरी आवाज होतच होता. एकच उरले तेव्हा हात निःशब्द झाला. दुसरा गुरू बाण घडविणारा कारागीर आहे. शेजारून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली, तरी त्याला ती कळली नाही. पहिल्या दृष्टान्तात एकांतासाठी सोबत कमी करावी लागते. दुसऱ्यात भर रस्त्यातही एकांत मिळतो. साधकाला दोन्ही लागतात. पण आपण आरंभ बहुधा कांकणे उतरविण्यापासूनच केलेला बरा, कारण बाणकऱ्याची स्थिती ही पुष्कळ वर्षांच्या कामाचे फळ आहे. दर्शनाच्या रांगेत ज्यांच्या हातातील मोबाइल वाजत असतो त्यांना हे निराळे सांगावयास नको.

जिजाईंची भाकर

तुकाराम महाराजांनी देहूजवळच्या भामचंद्र व भंडारा या डोंगरांवर एकांत सेविला. इ. स. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला, मान गेला. त्यानंतरचा हा एकांत आहे. डोंगरावरून उतरल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते काढली, धाकट्या बंधूंचा अर्धा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. ईश्वरावर विश्वास ठेवणे म्हणजे काय, याचे याहून रोखठोक उदाहरण सांगता येणार नाही. त्यांनी धाकट्या भावाला आपल्या विश्वासाची किंमत मोजायला लावली नाही, हेही तितकेच लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मात्र घरी दुसरी पत्नी जिजाई होत्या. डोंगर चढून त्या भाकर घेऊन जात, वाटेत पायात काटा मोडल्याची कथा तर सर्वतोमुखी आहे. त्यांना कजाग ठरविण्याची आपल्याकडे रीत पडली. मुलांचे पोट भरण्याची चिंता करणाऱ्या बाईचे बोल कडू असणार नाहीत तर काय? घरच्या माणसांवर सारा भार टाकून जो एकांतात जातो, त्याने निदान त्या भाराची जाणीव तरी ठेवावी.

कौल आणि उत्तर

देवळात येणाऱ्या पुष्कळांच्या मनात एखादा ठरावीक प्रश्न असतो. कपाशीने दगा दिला, जमीन विकावी की ठेवावी? मुलाला शहरात पाठवावे काय? शस्त्रक्रिया करून घ्यावी काय? कोकण-गोव्यात देवाला कौल लावण्याची प्रथा आहे. मूर्तीवरील फूल कोणत्या बाजूस पडते त्यावरून होय किंवा नाही असे समजते. एकांतात असे फूल पडत नाही. तेथे प्रथम ऐकू येतो तो आपल्याच मनाचा गोंगाट, आणि आपली इच्छाच देवाचा आवाज घेऊन बोलू लागते. म्हणून डोंगरावर मिळालेल्या उत्तराने आपली पूर्वीचीच हौस पुरवली जात असेल तर ते पुन्हा तपासावे, घरातील वडीलधाऱ्यांपुढे मांडावे. दुखण्याचा प्रश्न असेल तर वैद्याचा सल्ला डावलून ध्यानाचा आधार घेऊ नये.

या बाबतीत गीतेचा शेवट फार बोलका आहे. अठरा अध्याय उपदेश केल्यावर भगवंत अर्जुनाला सांगतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसे कर. प्रत्यक्ष ईश्वर समोर असताना निर्णय भक्ताकडेच ठेवलेला आहे. विश्वासाने विचार संपत नाही. विचार करताना जे भय आपल्याला घेरून असते ते ओसरते. नाथांची काशीहून रामेश्वराकडे निघालेली कावड आठवावी. वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसताच त्यांनी गंगाजल त्याच्या तोंडात ओतले. त्या क्षणी त्यांना कोठे जाऊन ध्यान लावावे लागले नाही. शूलिभंजनावरचे दिवस आणि वह्यांपुढच्या रात्री त्यासाठी आधीच खर्ची पडल्या होत्या.

सोयगावला येणाऱ्या भाविकांनी परतीच्या गडबडीत एक प्रहर तरी राखून ठेवावा. रुद्रेश्वराला जायचे असल्यास सकाळी लवकर निघावे, सोबत पाणी असावे, स्थानिक माणसाकडून वाट विचारून घ्यावी. जोराच्या पावसात ओढे अचानक फुगतात, कातळ निसरडा होतो, तेव्हा धबधब्याखाली जाण्याचा मोह टाळावा. तेथे पोहोचल्यावर निदान अर्धा तास कोणी कोणाशी बोलू नये, छायाचित्रे मागाहून काढावीत. लहान मुले सोबत असल्यास कुटुंबातील एकाने त्यांना सांभाळावे, इतरांनी बसावे, आणि मग पाळी बदलावी. नेहमी सांभाळणाऱ्यालाच आधी बसू द्यावे.

ज्यांना सवड आहे त्यांनी पुढे देवगिरीही करावा. गडाच्या वरच्या भागात एका गुहेत जनार्दनस्वामींचे स्थान आहे. अंधारी वाट आणि शेकडो पायऱ्या चढून लोक दमलेले असतात, त्यामुळे बहुतेक जण तोफ पाहून वळतात. फाल्गुन वद्य षष्ठी हा स्वामींचा जन्मदिवस, त्यांना अनुग्रह झाला तो दिवस, गुरुशिष्यांची भेट झाली तो दिवस आणि दोघांच्याही समाधीचा दिवस मानला जातो. त्या दिवशी पैठणला नाथषष्ठीची मोठी यात्रा भरते आणि गोदावरीच्या वाळवंटात दिंड्यांना जागा पुरत नाही. गडावरच्या गुहेत त्या मानाने शांतता असते.