बियाण्यातील गुपित आणि कायदा

एखादी माहिती इतरांना ठाऊक नाही, ठाऊक नसल्यामुळेच तिला बाजारात किंमत आहे आणि ती जपण्याची योग्य काळजी मालकाने घेतली आहे. या तीन गोष्टी जुळल्या म्हणजे तिला व्यापारी गुपित म्हणतात. १९९५ पासून अमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारातील ३९ व्या कलमाची हीच कसोटी आहे. विषय शहरी कारखान्यांचा वाटेल. पण अमरावती-अकोल्याच्या बियाण्याच्या दुकानांत तो दरवर्षी मृगाच्या तोंडावर आपल्यासमोर येतो.

संकरित कापसाचे बी दोन जनक वाणांच्या संकरातून तयार होते. पिशवी कोणालाही विकत मिळते. जनक वाण मात्र कंपनी जपून ठेवते. शिवाय संकरित पिकाची सरकी पुढल्या साली पेरली, तर पीक एकसारखे येत नाही. म्हणजे या गुपिताचा पहिला राखणदार निसर्गच होय.

मग कायद्याचे काय? व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा विधी आयोगाने २८९ व्या अहवालात सुचविला तो २०२४ साली. तोवर करार आणि विश्वासभंगाचे तत्त्व यांवरच न्यायालयांची भिस्त होती. कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यात परदेशी तंत्र शिकलेला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून कोट्याच्या कारखान्यात गेला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीपुरती त्याच्यावरील बंदी उचलून धरली. परंतु १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम धंद्यास आडकाठी करणारे करार रद्दबातल ठरविते. गुपित जपावे, पण माणसाची भाकर अडवू नये, असा हा तोल आहे.

कापूस बियाण्याचाच एक वाद दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला होता. बियाण्यातील जनुकीय क्रमावर ग्रंथकर्त्यासारखा हक्क सांगता येत नाही, असे म्हणून न्यायालयाने २०११ मध्ये कंपनीला मनाई हुकूम नाकारला. त्यासाठी २००१ चा पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. त्याची रीत वेगळी आहे : नोंदणी हवी असेल तर जनक वाणांची माहिती प्राधिकरणाला द्यावी लागते, मोबदल्यात कापसासारख्या पिकाच्या वाणाला १५ वर्षे संरक्षण मिळते.

याच कायद्याने शेतकऱ्याला बी राखून पेरण्याचा व देण्याघेण्याचाही हक्क दिला आहे. ब्रँडच्या नावाने मात्र ते विकता येत नाही. पण संकरित सरकी राखून उपयोग काय? हक्क कागदावर राहतो आणि पिशवीचे पैसे दरसाल मोजावे लागतात.

म्हणून गुपितांचा नवा कायदा करताना कारखान्यातील कृती आणि शेतातील बी यांना एकाच मापाने मोजू नये, असे माझे मत आहे. जनकांची नोंद प्राधिकरणाकडे झालीच पाहिजे. त्याबरोबरच १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठासारख्या सार्वजनिक संस्थांनी राखून पेरता येतील असे सरळ वाण शेतकऱ्याच्या हाती दिले पाहिजेत. तसे झाले तरच कायद्याने दिलेला हक्क वावरापर्यंत पोहोचेल.