बोअरचं पाणी, काचेचा थर आणि सतरा इंची चाकं

शेंद्रा औद्योगिक वसाहतीत 2001 साली स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली आणि छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर चेक बनावटीच्या गाड्या ओळखीच्या झाल्या. 2010 च्या ऑक्टोबरात याच शहराने एका दिवसात दीडशे मर्सिडीज घरी नेल्या, ती बातमी देशभर गाजली. गाड्यांचा शौक इथे नवा नाही. आता नव्या गाडीइतकाच जीव जुनी चांगली गाडी नटवण्यात गुंततो. चिकलठाण्याला गाड्यांच्या डिटेलिंगचं दुकान चालवणारे मामा आणि नुकतीच जुनी, काळी स्कोडा लॉरा घेतलेली त्यांची भाची यांच्यातलं हे बोलणं.

भाची : मामा, गाडीला सिरॅमिक कोटिंग करायचंय आणि सतरा इंची मॅगव्हील टाकायचेत. आधी काय करू?

मामा : आधी सांग, गाडी कुठल्या पाण्याने धुतेस?

भाची : बोअरच्या. नळाला पाणी येतं त्या दिवशी टाक्या भरायच्या की गाडी धुवायची? कधी कधी आरओचं वाया जाणारं पाणी साठवते, तेवढीच बचत.

मामा : ते आजपासून बंद कर. आरओ यंत्र पिण्याचं पाणी बाजूला काढतं आणि उरलेल्या पाण्यात सगळे क्षार एकवटतात. म्हणजे ते बोअरपेक्षाही जड. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण. त्याच्या भेगांतून झिरपलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. बॉनेटवरचा थेंब मे महिन्याच्या उन्हात सुकला की पाणी उडून जातं आणि क्षाराचं पांढरं कडं मागे राहतं. तसंच उन्हात तापत राहिलं तर ते वरच्या पारदर्शक थरात उतरतं, मग पुसून जात नाही. ते पाणी फरशीला वापर, गाडीला नको.

भाची : पण कोटिंग केल्यावर पाणी चिकटतच नाही ना? मग डागांची भीती कसली?

मामा : इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. कोटिंगवर पाणी पसरत नाही, त्याचे गोल थेंब होतात. गाडी चालत असली तर ते ओघळून जातात. गाडी उन्हात उभी असली तर तेच थेंब जागेवर आटतात आणि सगळा क्षार एका ठिपक्यात गोळा होतो. म्हणून कोटिंग केलेली गाडी धुतल्यावर लगेच जाड मायक्रोफायबरने टिपून कोरडी करावीच लागते. फायदा असा की चिखल, पक्ष्यांची घाण, किडे पटकन सुटतात, कमी पाण्यात गाडी स्वच्छ होते. पाण्याची ओढ असलेल्या आपल्या शहरात हे मला फार मोलाचं वाटतं.

भाची : हे कोटिंग असतं तरी काय? दुकानात ‘नऊ एच’ म्हणतात, दगडाचा ओरखडाही उठत नाही म्हणे.

मामा : सिलिकावर आधारलेलं द्रव रसायन असतं. लावल्यावर त्यातलं द्रावण उडून जातं आणि उरलेलं हवेतला ओलावा घेऊन सिलिकॉन-ऑक्सिजनची घट्ट जाळी विणतं. काचेच्या जवळचा पदार्थ होतो, पण थर किती? साधारण एक-दोन मायक्रॉन. गाडीवरचा रंग, प्रायमर आणि क्लिअर कोट मिळून शंभर ते दीडशे मायक्रॉन असतात, त्यावरून अंदाज कर. नऊ एच हा पेन्सिलींच्या चाचणीतला आकडा आहे. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्स मापनपट्टीवर नऊला कुरुंद येतो, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. जालना रोडला पुढच्या डंपरमधून उडालेली खडी कोटिंग अडवू शकत नाही. तिच्यासाठी पारदर्शक पीपीएफ असते, दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची फिल्म. ती महाग पडते, म्हणून नुसतं बॉनेट आणि पुढचा बंपर झाकला तरी पुष्कळ.

भाची : मग कोटिंगचे एवढे पैसे कशाचे घेतात?

मामा : आधीच्या मेहनतीचे. कोटिंग लावायला काही तास लागतात, तयारीला दोन-तीन दिवस. गाडी धुवायची, लोखंडाचे कण विरघळवणारं रसायन मारायचं. ब्रेकची पूड जिथे रुतली असेल तिथे ते जांभळं होऊन ओघळतं, बघत राहावंसं वाटतं. मग क्ले फिरवायची, नंतर मशिनने पॉलिश करून बारीक चरे काढायचे आणि अल्कोहोलने तेलाचा अंश पुसायचा. चरे राहिले तर कोटिंगखाली तसेच दिसत राहतात. तुझी गाडी जुनी आहे, आधीच्या मालकाने किती वेळा रबिंग करून घेतलं कोण जाणे. म्हणून मशिन लावण्याआधी मीटरने प्रत्येक पत्र्यावरची जाडी मोजायची. एखाद्या दारावर अडीचशे दाखवलं तर ते दार पुन्हा रंगवलंय. कुठे सत्तर-ऐंशी आलं तर तिथे मी मशिन टेकवणार नाही. क्लिअर कोट एकदा गेला की रंगकाम हाच उपाय. जाडी न मोजता पॉलिश करणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नकोस.

भाची : पटलं. आता चाकांचं सांगा. ओळखीत जुन्या ऑक्टाव्हियाचे सुंदर मॅग विकायला आहेत.

मामा : तुझ्या लॉराला बसणार नाहीत. पहिल्या ऑक्टाव्हियाला पाच बोल्ट 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर, लॉराला 112 च्या. दोन्ही स्कोडाच, पण भोकं जुळत नाहीत. मधलं भोक 57.1 मिलिमीटरचं. बाजारातल्या चाकाचं भोक मोठं असलं तर अचूक मापाची रिंग घाल, नाहीतर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरेल. ऑफसेट मूळ चाकाच्या जवळपासचाच ठेव. 50 च्या जागी 35 घेतलास तर चाक तेवढ्यानेच 15 मिलिमीटर बाहेर येतं, टायर मडगार्डला घासतो, बेअरिंगवर ताण येतो.

भाची : बोल्ट तरी जुनेच चालतील?

मामा : बरं झालं विचारलंस. हा बघ मूळ बोल्ट. डोकं आणि आटे यांच्यामधली बैठक चेंडूसारखी गोल आहे ना? बाजारातल्या बहुतेक मॅगना शंकूसारखी बैठक लागते. गोल बोल्ट शंकूत घातला तर एका बारीक कडेवरच टेकतो. हाताला घट्ट लागतो आणि चालता चालता सैल होतो. चाकाबरोबर योग्य बैठकीचे बोल्ट घे, टॉर्क पान्याने 120 न्यूटन-मीटरला आवळ आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपास. पंक्चरवाल्याच्या हवेच्या गनवर भरवसा ठेवू नकोस.

भाची : सतराऐवजी अठरा घेतली तर? दिसायला काय भारी दिसतील!

मामा : हिशोब बघ. मूळ टायर 205/55 आर 16, एकूण व्यास 631.9 मिलिमीटर. 225/45 आर 17 घेतलास तर 634.3, म्हणजे स्पीडोमीटरलाही फरक जाणवणार नाही. पण टायरची भिंत 113 वरून 101 वर येते. 225/40 आर 18 ला ती 90 वर. खड्ड्याचा धक्का तीच भिंत पोटात घेते. ती पातळ झाली की पहिल्या पावसात रिम वाकतो किंवा टायरला फुगा येतो. शिवाय चाक जड झालं की पिकअप, ब्रेक, सस्पेन्शन सगळ्यांवर भार. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या रस्त्यांना सतराच्या पुढे जाऊ नये. स्वस्त नकली चाक तर मुळीच नको. रिमवर आयएसआय किंवा जेडब्ल्यूएलची खूण आणि किती किलो भार पेलतो तो आकडा कोरलेला बघून घे. विमा कंपनीलाही लेखी कळव, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो.

भाची : मग सुरुवात कशाने?

मामा : आत्ताच्या टायरवरचे डीओटीचे शेवटचे चार आकडे वाच बरं.

भाची : 2416.

मामा : म्हणजे 2016 च्या चोविसाव्या आठवड्यात बनलेले. हे टायर नक्षी शिल्लक असली तरी बाद. म्हणजे पहिला खर्च चाकं आणि टायरांचा. मॅग आणलेस की गाडीला बसवण्याआधी माझ्याकडे दे. आतल्या बाजूसकट उष्णता सहन करणारं कोटिंग मारतो. मग ब्रेकची काळी पूड नुसत्या पाण्याने सुटेल, आणि चाक गाडीला बसल्यावर आतल्या बाजूला हात पोचत नाही. अंगाचं कोटिंग पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास करू. त्यानंतर पहिले सात दिवस गाडीला पाणी लावायचं नाही, आणि पुढे कधीही आरओचं नाही.