घसारा : वहीतला आणि कड्यावरचा

वाणिज्य शाखेत ‘घसारा’ म्हटले की यंत्राची वर्षागणिक घटणारी किंमत आठवते. डोंगर चढणाऱ्याला त्याच शब्दाने पायाखालून निसटणारी मुरमाची उतरण दिसते. बदामीच्या कड्यांवर हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

आपल्या सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून तो बनला. हा दगड कठीण, पण भेगाळलेला असतो. बदामीला अगस्त्य तलावाभोवती उभे आहेत ते तांबड्या वालुकाश्माचे कडे. तो बेसॉल्टहून कितीतरी जुना, पण मऊ. म्हणूनच चालुक्यांना त्यात लेणी कोरता आली. तिसऱ्या लेण्यातील शिलालेख इ. स. ५७८ चा आहे. या दगडाच्या आडव्या थरांत बोटांना खाचा मिळतात, आणि त्यामुळे बदामी परिसरात स्पोर्ट क्लाइंबिंग रुजले.

या प्रकारात चढायचे ते केवळ हातापायांच्या बळावर. कड्यात ठराविक अंतरावर पोलादी बोल्ट आधीच बसवलेले असतात. त्यांत दोर अडकवत वर जायचे. खाली साथीदार दोर सांभाळतो. शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर हात सुटला, तर माणूस निदान चार मीटर खाली येतो. तो सारा हिसका एका बोल्टवर पडतो.

आता या बोल्टचा घसारा कसा काढावा? स्थिर हप्ता पद्धतीने दहा वर्षांचे आयुष्य धरून दरवर्षी दहावा हिस्सा वजा करता येईल. परंतु बोल्ट दिनदर्शिका पाहून झिजत नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत साधे पोलाद लवकर गंजते, कोरड्या हवेत अधिक टिकते. शिवाय बोल्ट शाबूत राहून भोवतालचा दगड भुरभुरला, तरी त्याची किंमत शून्यच. याकरिता मऊ दगडात लांब, रेझिनने चिकटवलेले बोल्ट अधिक भरवशाचे मानतात. वहीतल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष तपासणी येथे महत्त्वाची : बोल्ट हलतो का, गंज चढला आहे का, दगड ठोकल्यावर खणखणीत वाजतो की बद्द?

खरी अडचण पुढेच आहे. बोल्ट बसवणारा एक, वापरणारे शेकडो. मग ही मालमत्ता कोणाच्या ताळेबंदात? कारखान्यात यंत्र बदलण्यासाठी निधी बाजूला काढतात. कड्यावर जाणाऱ्या प्रत्येक गटाने तसा थोडा निधी जमवावा आणि प्रत्येक मार्गावरील बोल्ट कधी बसवले, कधी तपासले, याची नोंदवही ठेवावी. वहीतला घसारा चुकला तर नफा चुकतो. कड्यावरचा चुकला तर माणूस जातो.