अहवालातील एक आकडा आणि आपली चिकित्सा

मराठीत ‘चिकित्सा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक उपचार, दुसरा बारकाईने केलेली तपासणी. इतिहास शिकवताना आम्ही दुसऱ्या अर्थावर भर देत आलो. एका कागदावरून निष्कर्ष काढू नये, दुसरा पुरावा शोधावा, हे आम्ही विद्यार्थ्यांना वारंवार सांगितले. दोन वर्षांपूर्वी हाच धडा आम्हाला स्वतःच्या घरी गिरवावा लागला.

आमच्या सहचारिणींना सतत थकवा जाणवत होता. रक्ततपासणीत टी.एस.एच. ६.८ आला, अहवालावर छापलेली कमाल मर्यादा ४.५ होती. ‘थायरॉईड निघाला, आता जन्मभर गोळी’, असे नातेवाइकांनी ठरवूनही टाकले. डॉक्टरांनी मात्र घाई केली नाही. त्यांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितली आणि थकव्याची इतर कारणेही शोधली. हिमोग्लोबिन ९ निघाले. लोहाच्या गोळ्यांनी थकवा ओसरला आणि दुसऱ्या तपासणीत टी.एस.एच. ४.१ आला. थायरॉईडची गोळी लागलीच नाही.

हे कसे घडते? गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची अवटू, म्हणजेच थायरॉईड ग्रंथी असते. तिची संप्रेरके शरीरातील चयापचयाचा वेग राखतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टी.एस.एच. पाठवून तिच्याकडून काम करवून घेते. अवटू मंदावली की टी.एस.एच. वाढतो. टी.एस.एच. वाढलेला, पण रक्तातील मुक्त टी-४ योग्य प्रमाणात, या अवस्थेस सौम्य न्यूनता म्हणतात. टी-४ देखील घटला तर ती उघड न्यूनता होय. तिच्यावर उपचार हवेतच.

सौम्य न्यूनता असलेल्या अनेकांना काहीच त्रास नसतो. काहींना थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, थंडी सहन न होणे अशा तक्रारी असतात. परंतु ज्यांची अवटू निरोगी आहे त्यांनाही त्या होतात. म्हणून केवळ लक्षणांवरून निदान होत नाही. आजारपणात आकडा तात्पुरता वाढू शकतो आणि वयपरत्वेही तो थोडा वर सरकतो. मात्र ही अवस्था सर्वस्वी निरुपद्रवी नाही. काहींचे कोलेस्टेरॉल वाढते आणि टी.एस.एच. १० च्या वर राहिल्यास हृदयविकाराचा धोका अधिक आढळतो. इंग्लंडमधील व्हिकहॅम येथे लोकांची वीस वर्षे पाहणी झाली. ज्या स्त्रियांचा टी.एस.एच. वाढलेला होता आणि रक्तात अवटूविरोधी प्रतिपिंडेही होती, त्यांच्यापैकी दरवर्षी शंभरात सुमारे चार जणींना उघड न्यूनता झाली.

मग गोळी कोणी घ्यावी? २०१७ साली युरोपातील ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना लेव्होथायरॉक्सिन, तर काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली होती. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या थकव्यात फरक पडला नाही. म्हणून किंचित वाढलेल्या आकड्यासाठी, विशेषतः वृद्धांत, गोळीऐवजी नियमित तपासणी पुरेशी ठरते. टी.एस.एच. पुन्हा पुन्हा १० च्या वर येत असेल, तर बहुतेक डॉक्टर गोळीचा विचार करतात. त्याखालील आकड्यात वय, त्रास, प्रतिपिंडे आणि हृदयाची स्थिती पाहून निर्णय होतो. गरज नसताना किंवा प्रमाणाबाहेर गोळी घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडे ठिसूळ होऊ शकतात.

गर्भवती आणि अपत्याची इच्छा असलेल्या भगिनींना मात्र ‘थांबून पाहू’ हा नियम लागू नाही. पहिल्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ मातेच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. त्यांनी अहवाल घेऊन विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी गर्भारपणात ती मनाने बंद करू नये. उलट मात्रा वाढवावी लागण्याची शक्यता असते. लहान मुलांचा निर्णयही बालरोगतज्ज्ञांनीच घ्यावा.

गोळी ठरलीच, तर ती पहाटे उपाशीपोटी केवळ पाण्यासोबत घ्यावी. चहा व न्याहारी अर्ध्या ते एका तासाने करावी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.

आपल्या देशात आयोडीनअभावी होणाऱ्या गलगंडावर १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी अभ्यास केला. आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या पाहणीतून दाखवले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ अवश्य असावे. परंतु थायरॉईडसाठी म्हणून आयोडीनची औषधे मनाने घेऊ नयेत, कारण अतिरेकही ग्रंथीस बाधतो.

माता-भगिनींचा थकवा आपल्या घरांत ‘आळस’ म्हणून दुर्लक्षिला जातो, नाही तर एका आकड्यावर जन्मभराच्या गोळीला जोडला जातो. दोन्हींत तपासणी राहून जाते. आमची एवढीच विनंती आहे : प्रत्येक अहवाल तारखेसह एका फाईलमध्ये जपावा, टी.एस.एच. सोबत मुक्त टी-४ आहे का ते पाहावे आणि डॉक्टरांना निःसंकोच विचारावे, ‘ही गोळी कशासाठी, किती काळ, आणि पुढची तपासणी केव्हा?’